कड वाचा हो, कड!

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की इंग्लंडात एके काळी खाणवाले आणि लोखंडवाले स्वतःची तांब्याची नाणी पाडायचे आणि ती बाजारात चालायची सुद्धा. एवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवतोय. (इंदूरच्या काकांचा जुना सोन्याचा होन खरा की खोटा ते पुढच्या वेळी. काका, फोटो ट्यूबलाइटखाली नको, दिवसाउजेडी काढून पाठवा.)

नमस्कार सर, मी मूळची साताऱ्याची, सध्या मँचेस्टरला. इकडे रविवारी लोक गाडीच्या डिकीत जुनं सामान मांडून विकतात, तिथे १५ पौंडांना एक जाडजूड तांब्याचं नाणं घेतलं. एका बाजूला टोपडं घातलेला दाढीवाला म्हातारा, भोवती पानांची माळ. राजा नाही राणी नाही, मला तर आपल्याकडचा कुणी साधूच वाटला. मागे एकात एक गुंतवलेली अक्षरं आणि १७८७ साल. नवरा म्हणतो फसलीस. खरंच फसले का?

नाही हो ताई. वर्णनावरून तरी छान वस्तू मिळालीय. तो साधू म्हणजे ड्रुइड, रोमन लोक यायच्या आधी तिकडे जे पुजारी असायचे त्यातला. वेल्सच्या उत्तरेला अँगलसी नावाचं बेट आहे, ते या ड्रुइडांचं मोठं ठाणं होतं, म्हणून तो नाण्यावर. माळ ओकच्या पानांची आहे, नीट बघा, मध्ये मध्ये फळं पण दिसतील. आणि मागची गुंतवलेली अक्षरं म्हणजे पॅरिस माइन कंपनी. फ्रान्सचं पॅरिस नाही, अँगलसीवरचा पॅरिस डोंगर. १७६८ मध्ये त्या डोंगरात तांब्याचं घबाड सापडलं. ज्या खाणकामगाराला ते सापडलं त्याला बक्षीस काय, तर व्हिस्कीची एक बाटली आणि राहायला बिनभाड्याचं घर. पुढे त्याच डोंगराच्या जोरावर टॉमस विल्यम्स नावाचा वकील अख्ख्या देशाचा तांब्याचा राजा झाला, त्या मानाने बाटली जरा स्वस्तातच पडली म्हणायची.

आता एक काम करा. नाण्याच्या दोन्ही बाजू बघून झाल्या ना, आता कड बघा. बोटांत उभं धरून हळूहळू फिरवा. मागच्या बाजूला लिहिलंय "वुई प्रॉमिस टू पे द बेअरर वन पेनी", म्हणजे हे घेऊन येईल त्याला एक पेनी द्यायचं आम्ही वचन देतो. पण कुठे देणार? ते कडेवर आहे, "ऑन डिमांड इन लंडन लिव्हरपूल ऑर अँगलसी". मागाल तेव्हा, या तीनपैकी कुठल्याही ठिकाणी. तुमच्या पर्समधली तिकडची पाच पौंडांची नोट काढा, हेच वाक्य आहे. आपल्या शंभराच्या नोटेवर पण आहे, मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ, खाली गव्हर्नरची सही. म्हणजे तुम्ही जे घेतलंय ते दिसायला नाणं आणि वागायला नोट आहे, फक्त कागदाच्या जागी तांबं आणि गव्हर्नरच्या जागी खाणवाला. आणि हो, किचनच्या काट्यावर वजन करून कळवा. साधारण २८ ग्रॅम भरायला पाहिजे, झिजलं असेल तर थोडं कमी.

सरकार काय झोपलं होतं का? नाणी पाडणं हे राजाचं काम, ते खाणवाल्यावर कसं आलं? (सांगलीहून)

झोपलं नव्हतं, पण त्यांना ते काम आपलं वाटतच नव्हतं. लंडनच्या टॉवरमध्ये रॉयल मिंट म्हणजे सरकारी टांकसाळ होती, त्यांच्या लेखी खरा पैसा म्हणजे सोनं आणि फार तर चांदी. तांबं म्हणजे गोरगरिबांची चिल्लर, कधीतरी पाडून द्यायची. १७७५ नंतर त्यांनी तांब्याची नाणी पाडणंच बंद केलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं काही पाडलंच नाही. आता बघा, हा नेमका तोच काळ जेव्हा गिरण्या, भट्ट्या, खाणी भराभर वाढत होत्या, आणि खेड्यात धान्यावर, उधारीवर चालणारा माणूस कारखान्यात आला की त्याला दर शनिवारी रोख पगार पाहिजे. पगार आठ-दहा शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स (एक असेल तर पेनी, जास्त असतील तर पेन्स), पेनीचे दोन हाफपेनी. पाव आणायचा, दूध आणायचं, तर लागतो हाफपेनीच. आणि मालकाकडे तोच नाही. मग काय करायचे, चार-पाच कामगारांना मिळून एक मोठं नाणं द्यायचे आणि म्हणायचे जा, आपापसात वाटून घ्या. ते वाटायला कुठे जाणार, तर दारूच्या गुत्त्यात, कारण सुट्टे तिथेच मिळणार. म्हणजे पगारातला पहिला हिस्सा गुत्तेवाल्याचा, ठरलेलं.

आणि खोट्या नाण्यांचं तर विचारूच नका. १७८७ मध्ये मिंटनेच पाहणी केली तर बाजारातल्या हाफपेनींपैकी जेमतेम ८ टक्के जरा तरी राजाच्या नाण्यासारखे दिसत होते. बाकी सगळा आनंद. मॅथ्यू बोल्टन म्हणून बर्मिंगहॅमचा कारखानदार, जेम्स वॉटचा पार्टनर, त्याने १७८९ मध्ये एका लॉर्डला पत्र लिहून कळवलंय की प्रवासात टोलनाक्यावर मला जी मोड मिळते त्यातली दोन तृतीयांश खोटी असते. टोलनाका आणि सुट्टे, हे दुखणं एवढं जुनं आहे बघा. त्याच पत्रात तो आणखी एक सांगतो, आणि ते वाचून मला खरंच राग आला होता, की काही हलके कारखानदार चोरून नाणी पाडणाऱ्यांकडून ३६ शिलिंगांची खोटी नाणी २० शिलिंगांना विकत घेतात आणि त्यातच कामगारांचे पगार करतात. म्हणजे मालकाचा पगाराचा जवळजवळ अर्धा खर्च वाचला आणि कामगाराच्या हातात पडला तो सगळा खोटा.

खोटे पाडणारे पण भारी डोक्याचे. राजाचं नाव जसंच्या तसं घातलं तर गुन्हा, म्हणून "जॉर्जियस रेक्स"च्या जागी "जॉर्ज रूल्स" लिहायचे, आणि ब्रिटानिया देवीच्या जागी "बॉनी गर्ल", म्हणजे छान पोरगी. चित्र तेच, शब्द जरा वेगळे. वाचता न येणाऱ्याला चालून जायचं आणि कोर्टात विचारलं तर साहेब हे नाणंच नाही, नुसता बिल्ला आहे.

पण दुकानदार ते घेत का होते? राजाचं नाव नाही, सरकारी शिक्का नाही. आणि कंपनीला त्यात काय मिळायचं? मी कॉमर्सला आहे, हा प्रश्न मला खरंच छळतोय. (नाशिक)

छळू द्या, चांगला प्रश्न आहे. पहिलं कारण वजन. एक पौंड वजनाच्या तांब्यात मिंट ४६ हाफपेनी बसवायची, म्हणजे २३ पेन्स. विल्यम्सने तेवढ्याच तांब्यात १६ पेनी पाडल्या. म्हणजे राजाच्या एका पेनीच्या हिशोबात साधारण १९-२० ग्रॅम तांबं आणि खाणवाल्याच्या पेनीत २८. तराजू प्रत्येक दुकानात असतो. ज्या गल्ल्यात "छान पोरगी" येऊन पडते त्या गल्ल्यात हा जाडा ड्रुइड आला तर वाणी कुठला ठेवील तुम्हीच सांगा.

पण नुसतं वजन नाही, कारण २८ ग्रॅम तांब्याची किंमत पण पेनीएवढी नव्हतीच, कमी होती. तो फरक भरून कोण काढतो, तर कडेवरचा पत्ता. गल्ल्यात ड्रुइड फार साठले की वाण्याचा माणूस पिशवी भरून खाणीच्या ऑफिसात जातो आणि तिथून सोनं-चांदी घेऊन येतो. दोन-चार वेळा असं झालं की मग कुणी जातच नाही, कारण जाऊन मिळतं हे माहीत झालेलं असतं. तुमच्या कॉमर्सच्या पुस्तकात याला जे काय म्हणत असतील ते म्हणोत, आपल्याकडे याला पत म्हणतात.

कंपनीचा फायदा तीन बाजूंनी. तांबं स्वतःचंच, पडून राहण्यापेक्षा त्याची नाणी झालेली बरी. पगार वेळेवर आणि हिशोबात करता येतो. आणि जी नाणी कधी परत येतच नाहीत, हरवली, कुणी ठेवून दिली, समुद्रापार गेली, त्यांचं वचन पाळावंच लागत नाही, तो निव्वळ नफा. आणि थोडीथोडकी नव्हती, या एका कंपनीने अडीचशे टनांच्या आसपास नुसत्या पेनी पाडल्या, वर हाफपेनी वेगळे. गुणाकार केला तर पेनी नव्वद लाखांच्या घरात जातात.

मग सगळेच सुरू झाले. जॉन विल्किन्सन म्हणून लोखंडाचा मोठा कारखानदार, त्याला लोक लोखंडवेडाच म्हणायचे, शवपेटी सुद्धा लोखंडाची करवून घेतली होती त्याने. त्याने नाण्यावर सरळ स्वतःचं तोंड छापलं, जिथे राजाचं असतं तिथे, आणि भोवती "जॉन विल्किन्सन आयर्न मास्टर". लोकांनी भरपूर टिंगल केली पण नाणं चाललं, कारण कडेवर त्याच्या कारखान्यांच्या गावांची नावं होती, विली, स्नेडशिल, बर्शम, ब्रॅडली, आणि ते कारखाने सगळ्यांना ठाऊक होते. कॉव्हेंट्री गावातल्या एका कंपनीने १७९२ मध्ये हाफपेनीवर तिथल्या दंतकथेतली लेडी गोडायव्हा घातली, घोड्यावर बसलेली, अंगावर एक चिंधी नाही, आणि मागे पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. आपल्या शाळेच्या वर्गात दाखवायला जरा अवघड पण नाणं म्हणून फार देखणं आहे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चांगलं चालतंय म्हटल्यावर भुरटे शिरले, वजन घटत गेलं, आणि कड बदलली. इथे लक्ष द्या. आधी कडेवर दुकान, गाव, माणूस असायचा. मग येतं "लंडन किंवा लिव्हरपूल किंवा ब्रिस्टल", पण लंडनमध्ये कुठे, कुणाकडे, ते नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे "करंट एव्हरीव्हेअर", सगळीकडे चालेल! सगळीकडे चालेल म्हणजे कुणाच्याच दारात जाऊन मागता येणार नाही. म्हणून माझ्याकडे कुणीही टोकन (या खाजगी नाण्यांना टोकन म्हणतात) घेऊन आलं की मी चित्र बघतच नाही, आधी कड.

माझं किराणा दुकान आहे. सुट्ट्यांवरून रोज गिऱ्हाइकाशी वाद. चॉकलेट दिलं की लोक चिडतात. मी माझ्या दुकानाच्या नावाचे पितळी बिल्ले पाडून घेतले तर चालेल का? (ठाणे)

नका हो असलं काही करू! धातूचा तुकडा पैसा म्हणून वापरायला काढणं आपल्याकडे १८८९ पासून बंद आहे. इंग्रजांनी त्यासाठी मेटल टोकन्स अ‍ॅक्ट असा खास कायदाच केला होता, स्वतःच्या देशात अनुभव घेऊन झालेला होता ना. २०११ मध्ये नवा कॉइनेज अ‍ॅक्ट आला, जुना कायदा रद्द झाला पण बंदी तशीच आत घेतली. मग म्हणाल कागदाच्या चिठ्ठ्या काढतो, तर रिझर्व्ह बँकेच्या कायद्याचं ३१ वं कलम आहे, मागणी करताच धारकाला पैसे देऊ असं वचन रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. मँचेस्टरच्या ताईंच्या नाण्यावरचं वाक्य परत वाचा. बेअरर, ऑन डिमांड. नेमके तेच दोन शब्द.

तुमचा त्रास मला कळतो, आणि गिऱ्हाइकाचा पण कळतो. एका हॉटेलात, नाव नको, मला तीन वेळा सुट्ट्याच्या बदल्यात शिक्का मारलेली चिठ्ठी मिळाली, दोन रुपये, तीन रुपये, परत याल तेव्हा वजा करू. मी जपून पाकिटात ठेवल्या. महिन्याभराने गेलो तर गल्ल्यावर दुसराच मुलगा, तो म्हणे काका हे आमचं नाही. शिक्का त्यांचाच, पण सही नाही तारीख नाही काहीच नाही. आठ रुपये गेले, आणि मी नाण्यांवर कॉलम लिहिणारा माणूस, घरी कुणाला सांगायची सोय नाही.

सुट्ट्यांची टंचाई आपल्याकडे नवीन नाही हे मात्र खरं. दुसऱ्या महायुद्धात एवढी टंचाई होती की मोरवी, जुनागढ, बिकानेर अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं काढली पैशाच्या बदली. १९४३ चा भोकाचा पैसा तुमच्या आजीच्या डब्यात असेल, ते भोक तांबं वाचवायला. आणि १९७१ मध्ये तर छोटी नाणी वितळवणाऱ्यांवर आणि साठवून ठेवणाऱ्यांवर कारवाईचा वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा तुम्ही क्यूआर कोडचा बोर्ड जरा मोठा लावा आणि बँकेतून नाण्यांची पिशवी आणत जा. चॉकलेट बंद करा, लोक चिडतात ते बरोबरच आहे, उद्या त्यांनी तेच चॉकलेट परत आणलं तर तुम्ही साखर द्याल का?

इंग्रजांचं किती कौतुक करायचं? आमची शिवराई काय वाईट होती? ती पण खाजगी लोकच पाडायचे की! (कोल्हापूर)

अहो कौतुक कुठे केलं, आत्ताच तर त्यांच्या मिंटला धुतलं. पण मुद्दा बरोबर आहे तुमचा आणि त्यात एक मेख आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराला सुरू झालेली शिवराई, एकीकडे "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्र पति", ती पुढे पेशवाईत ठिकठिकाणी पाडली जायची. टांकसाळीचा परवाना सोनाराला, सावकाराला मिळायचा, त्याने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि नाणी पाडायची. म्हणून तर शिव, सिव, सीव अशी सगळी शुद्धलेखनं सापडतात, वजनं वेगवेगळी, दुदांडीच्या, म्हणजे मध्ये दोन दांड्या असलेल्या शिवराईच्या, तर किती तऱ्हा. म्हणजे हात खाजगी पण नाव राजाचं, परवानगी राजाची. तिकडे उलटं, परवानगी कुणाची नाही आणि नाव स्वतःचं. शिवराईवर कुणी वचन दिलेलं नाही, तिची किंमत सराफ ठरवायचा आणि बाजार ठरवायचा. ड्रुइडवर वचन आहे. कुठलं चांगलं ते मी सांगणार नाही, कोल्हापूरला यायचंय मला अजून.

पण एक गंमत सांगतो, तुम्हाला आवडेल. तो टोलनाक्यावर वैतागलेला बोल्टन आठवतोय ना, त्याने बर्मिंगहॅमजवळ सोहोला वाफेच्या इंजिनावर चालणारी टांकसाळ काढली. त्याला वाटलं होतं सरकार लगेच काम देईल, सरकारने दहा वर्षं लटकवलं. मग पोट कशावर भरलं, तर या खाजगी टोकनांवर आणि ईस्ट इंडिया कंपनीवर. नाण्यांचं त्याचं पहिलं मोठं कामच कंपनीच्या सुमात्रातल्या वसाहतीसाठी होतं, आणि १७९१ आणि १७९४ ची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पण त्याचीच. एका बाजूला कंपनीची खूण, दुसरीकडे तराजू आणि फारसी लिपीत "अदल", म्हणजे न्याय. म्हणजे ज्या वर्षांत खुद्द इंग्लंडच्या कामगाराला राजाचा एक धड हाफपेनी मिळत नव्हता त्या वर्षांत मुंबईच्या बाजारात बर्मिंगहॅमचं कोरं करकरीत, यंत्रावर पाडलेलं, सगळं एका मापाचं नाणं येत होतं. शेजारी आपली हातोड्याने ठोकलेली शिवराई पण चालूच होती, आणि ती पुढे कित्येक वर्षं हटली नाही.

मग इंग्लंडातली ही खाजगी नाणी बंद कधी झाली? (पुणे)

थोडक्यात सांगतो. १७९७ च्या फेब्रुवारीत फ्रेंच येणार अशी घबराट झाली, बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि सरकारला जाग आली. बोल्टनला ऑर्डर मिळाली. त्याची पेनी बरोबर २८ ग्रॅमची, म्हणजे ड्रुइडच्याच वजनाची, आणि दोन पेनीचं नाणं तर ५६ ग्रॅमचं, ४१ मिलिमीटर रुंद, लोक त्याला गाडीचं चाक म्हणायचे. खिसे फाटत असतील बिचाऱ्यांचे. घरोघरी लोक ते वजन मापायलाच वापरू लागले, आणि तांबं महागल्यावर बरीच वितळली पण. १८११-१२ ला परत टंचाई आणि परत टोकनांची लाट, शेवटी १८१७ च्या कायद्याने खाजगी तांब्याची टोकनं बंद. तोवर लोकांना गोळा करायचं वेड लागलेलं होतं, जेम्स काँडर नावाच्या कापडवाल्याने १७९८ मध्ये यादीच छापली त्यांची, म्हणून आजही त्यांना काँडर टोकन म्हणतात. फक्त या शौकिनांसाठी म्हणून पण खूप टोकनं पाडली गेली, इकडची पुढची बाजू तिकडची मागची बाजू असा कसाही मेळ घालून. ती बाजारात कधी चाललीच नाहीत, त्यामुळे ती अजून चकचकीत असतात, आणि नवशिके त्यालाच जास्त पैसे देतात.

तांब्याची जुनी नाणी चिंच-मीठ लावून घासली तर चालतील का? (नागपूर)

नाही! समई घासा, तांब्या घासा, नाण्याला हात लावू नका. वरचा तो काळपट तपकिरी थर म्हणजेच त्याचं वय आहे, तो गेला की किंमत गेली. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपा, बास. हिरवी पूड सुटत असेल तर वेगळं ठेवा आणि मला फोटो पाठवा.

आणि मँचेस्टरच्या ताई, एक राहिलंच. ड्रुइड एवढा चालला की ड्रुइडचे पण खोटे निघाले, त्याच काळात. तेव्हा वजन २८ च्या फारच खाली आलं आणि कड कोरी निघाली तर मला लिहा. नवऱ्याला एवढ्यात सांगू नका.